बाराव्या मजल्यावरचं मायोर्का

कुकरची दुसरी शिट्टी झाली होती आणि तिसरी घशाशी आली होती, तेवढ्यात बाहेरच्या दाराच्या कुलपात किल्ली फिरायला लागली.

शैलेंद्रने शेगडी बंद केली. पण शेगडी बंद केली म्हणून कुकर काही लगेच गप्प बसत नाही. त्याने टॉवेलात गुंडाळून कुकर उचलला, तान्ह्या पोरासारखा छातीशी धरला आणि बेडरूमकडे धावला. रुपाली आणि सलोनी आधीच कपड्यांच्या क्लोजेटमध्ये शिरल्या होत्या. तो आत घुसला, रुपालीने दार ओढून घेतलं, आणि जर्सी सिटीतल्या एका बाराव्या मजल्यावर नवरा, बायको, मुलगी, तिघांचे हिवाळी कोट आणि अर्धवट शिजलेली तुरीची डाळ, एवढी मंडळी अंधारात जीव मुठीत धरून उभी राहिली.

"डॅड," सलोनी पुटपुटली, "इट्स गोइंग टू ब्लो."

"श्श."

"आय मीन द डाळ."

"कळलं मला. श्श."

कुकरने एक लांब, दुखावलेला सुस्कारा सोडला आणि तो शांत झाला. बाहेर नळाचा आवाज आला. मग झारीचा. उत्तराकाकू कढीपत्त्याला पाणी घालत होत्या.

उत्तराकाकू ह्याच मजल्यावर लिफ्टच्या पलीकडे राहायच्या. ऐंशीला टेकलेल्या, रिटायर्ड डॉक्टर, बिल्डिंगमधल्या तमाम मराठी लोकांच्या काकू. त्यांना किल्ली शैलेंद्रनेच दिली होती. 'आम्ही नसताना झाडाला पाणी घालाल का?' असं स्वतःच्या तोंडाने विचारलं होतं. इथला मराठी माणूस दागिने बँकेत ठेवतो, पण कढीपत्ता विश्वासाच्या माणसावरच सोपवतो.

आणि अधिकृतरीत्या हे तिघं आत्ता घरात नव्हतेच. ते मायोर्का नावाच्या बेटावर, सिनेऊ गावात, बुधवारचा बाजार बघत होते.

झालं होतं ते असं. शैलेंद्र एका इन्शुरन्स कंपनीत सॉफ्टवेअर टेस्टर होता. दुसऱ्याने लिहिलेला प्रोग्रॅम कुठे कोसळेल ह्याची काळजी करण्याचा त्याला पगार मिळायचा. घरी तेच काम तो फुकट करायचा. ग्रीन कार्डाच्या रांगेत तो लागला तेव्हा सलोनी पाळण्यात होती, आता ती ड्रायव्हिंग शिकत होती. ती इथेच जन्मलेली, म्हणून घरात अमेरिकन पासपोर्ट फक्त तिचाच. व्हिसा होता, त्यावर शिक्का होता, शिक्क्याला मुदत होती. कागद सगळे जागच्या जागी होते, फक्त कागदांवरचा त्याचा विश्वास जागेवर राहिला नव्हता. रोज व्हॉट्सॲपवर कुणीतरी काहीतरी पाठवायचं: कुणाचा मेहुणा, कुणाच्या ऑफिसातला मुलगा, लग्नाला म्हणून गेला तो तिकडेच अडकला. खरं किती, खोटं किती, कळायला मार्ग नाही. ऑफिसच्या वकिलाने मेल केली होती की गरज नसेल तर देशाबाहेर जाऊ नका. गरज कशाला म्हणायचं, ते वकिलाने लिहिलं नव्हतं.

रुपालीच्या लेखी गरज म्हणजे अप्पा. तिचे वडील. वय एक्याऐंशी, हिवाळ्यात छातीत पाणी झालेलं, आणि कित्येक वर्षांत तिने त्यांना फोनच्या काचेशिवाय पाहिलेलं नाही. 'गेलो आणि परत येता आलं नाही तर?' हा शैलेंद्रचा प्रश्न होता. 'थांबलो आणि अप्पाच गेले तर?' हा रुपालीचा. दोन्ही प्रश्न एकाच गादीवर एकमेकांकडे पाठ करून झोपायचे.

मग टेस्टरला तोडगा सुचला. मोठी गोष्ट चालू करण्याआधी छोटा तुकडा चालवून बघतात. आधी आठवडाभर दुसरीकडे कुठेतरी जायचं आणि यायचं. आत घेतलं, तर मे महिन्यात अप्पांकडे. कॅनडा फारच सोपा पेपर आहे, असं म्हणून त्याने स्वतःच तो बाद केला. मायोर्का रुपालीने शोधलं. अप्पा आयुष्यभर माण तालुक्यातल्या आठवडी बाजारांत दावी, कासरे, म्होरक्या असा जनावरांचा दोरखंड विकत फिरलेले, दर वाराला वेगळं गाव. त्या बेटावरही तसंच असतं, असं तिला कळलं: मंगळवारी आर्ता, बुधवारी सिनेऊ, गुरुवारी इन्का.

"लोक तिथे समुद्र बघायला जातात गं," शैलेंद्र म्हणाला होता.

"समुद्राला वार नसतो. तो कधीही बघता येतो," रुपाली म्हणाली होती.

इथवर सगळं ठीक होतं. पण पाडव्याच्या कार्यक्रमात मंडळाने शैलेंद्रला आभार मानायला उभं केलं, आणि श्रीखंड जरा जास्त झालेलं असल्यामुळे तो आभारांवर थांबला नाही. "भिऊन बिळात बसायला आपण काय उंदीर आहोत का?" असं तो माइकवर म्हणाला. टाळ्या पडल्या. त्या टाळ्यांनी घात केला. सगळ्यांनाच कुणीतरी आधी जाऊन यायला हवं होतं, आणि हा माणूस आपण होऊन निघाला होता. कुणी केशर सांगितलं, कुणी बदाम, कुणी ऑलिव्हच्या लाकडाचा डाव. तिसऱ्या मजल्यावरचा संजय म्हणाला, "तू सुखरूप परत आलास ना यार, की मी दीपाच्या आईकडे जायची तिकिटं काढतो. तोवर नाही."

मंगळवारी दुपारी नेवार्कच्या विमानतळावर, सिक्युरिटीच्या रांगेच्या तोंडाशी, शैलेंद्रचे पाय थांबले. पाय त्याचेच होते, पण त्यांनी त्याला काही विचारलं नाही. हातातले पासपोर्ट घामाने ओले झाले. "घरी जाऊ," तो म्हणाला. रुपालीने त्याच्याकडे पाहिलं आणि एकही शब्द न बोलता बॅग वळवली. ती बोलली असती तर बरं झालं असतं. टॅक्सी बिल्डिंगशी पोचेपर्यंत मंडळाच्या ग्रुपवर 'शाब्बास शैलेंद्र' चालू झालं होतं, विमानाची चित्रं, हात जोडलेली चित्रं. 'उद्या सांगतो सगळ्यांना,' असं म्हणत तो मागच्या दाराने सामानाच्या लिफ्टमधून स्वतःच्याच घरात चोरासारखा चढला.

आणि उद्या उजाडला तोच काकूंच्या किल्लीने.

काकू गेल्यावर तिघं बाहेर आले. डाळ वाया गेली नव्हती. रुपालीने तिला लसणाची फोडणी दिली, आणि तिघांनी पडदे ओढून जेवायला सुरुवात केली. ग्रुपवर सगळे फोटो मागत होते. सलोनीने ताटावरूनच फोनवर तिघांचे चेहरे कुठल्याशा ॲपला दिले, आणि भाजी चिवडता चिवडता एक बाजार तयार करून आणला: दगडी गल्ली, संत्र्यांचे ढीग, मागे चर्च, आणि पुढे हातात संत्रं घेतलेला, आयुष्यात कधी नव्हता इतका आनंदी शैलेंद्र.

"सलोनी, मला सहा बोटं आहेत."

"डॅड, नोबडी काउंट्स फिंगर्स."

त्याने फोटो पाठवून दिला. तोंडात घास तसाच होता. आयुष्यात त्याने एकही न चालवलेली टेस्ट 'पास' म्हणून लिहिली नव्हती.

तेवढ्यात रुपालीचा फोन वाजला. अप्पा.

अप्पांनाही हे लोक मायोर्कातच आहेत असं माहीत होतं. त्यांनीच तर सगळ्यात जास्त चौकशा केल्या होत्या. रुपालीने व्हिडिओ बंद ठेवला आणि फोन टेबलावर ठेवला.

"रुपे, बाजारात हाईस का?"

"व्हय अप्पा. बाजारातच हाय."

"मग गलका कसा ऐकू येईना?"

तिघं एकमेकांकडे बघायला लागले. सलोनीने झटक्यात आपल्या फोनवर काहीतरी शोधून लावलं. खोलीत शंभर माणसं परक्या भाषेत बोलायला लागली, आणि त्यात एक शेळी जीव तोडून ओरडली.

"शेळी हाय," अप्पा समाधानाने म्हणाले. "चांगली हाय. दुधाची हाय. जनावरांचा बाजार भरतोय म्हन की."

"भरतो की. चर्चच्या मागल्या अंगाला भरतो."

"दावी कसल्याची वापरत्यात? नायलानची का तागाची?"

शैलेंद्रच्या मानेवर घाम आला. त्याने खुणेने 'कट कर' सांगितलं. रुपालीने त्याच्याकडे बघितलंच नाही. तिने डोळे मिटले.

"दोन्ही हायती," ती म्हणाली. "पालं ठोकल्यात. झाडाच्या सावलीला बैलं बांधल्यात. कडंला एक म्हातारा बसलाय पोत्यावर. दोरखंडाचाच धंदा हाय त्याचा. दोन हात फाकून वाव मोजतो, आन वर एक वीत जादा सोडतो."

"जादा सोडतो?"

"हां. गिऱ्हाईक न्हाई म्हनालं तरी सोडतो. म्हनतो, जनावराच्या गळ्याला काच नगं."

फक्त शेळी ओरडत राहिली. सलोनीने हळूच आवाज कमी केला.

"दिसाया कसा हाय?" अप्पांनी विचारलं.

"तुमच्यागतच."

"म्हंजे समदं आपल्यागतच हाय म्हन."

"व्हय अप्पा."

"मग एवढ्या लांब कशापायी गेलीस बाय? हितंच यायचं हुतंस की."

रुपालीने ताटाची कड धरली. शैलेंद्रला वाटलं की आता ही रडेल आणि सगळं बाहेर पडेल. पण ती रडली नाही.

"यीन अप्पा."

"ये. घाई न्हाई. बसवतंय तवर म्या बाजाराला जातोच हाय."

त्यानंतर दिवसभर ती त्याच्याशी बोलली नाही. ताटं घासली, कपड्यांच्या घड्या घातल्या, उघडलेल्या बॅगा बंद केल्या, बंद बॅगा उघडल्या. शैलेंद्र खिडकीच्या पडद्याच्या फटीतून खाली बघत राहिला. खाली एक पोलिसाची गाडी येऊन थांबली. पोलिसाने कॉफी घेतली आणि तो निघून गेला. शैलेंद्रला पुन्हा श्वास घेता यायला बराच वेळ लागला. तेव्हा त्याच्या लक्षात आलं की आपण संजयपासून किंवा काकूंपासून लपलोय, हे आता खरं राहिलेलं नाही. आपण नुसतेच लपलोय.

दुसऱ्या दिवशी, म्हणजे इन्काच्या बाजाराच्या दिवशी, किल्ली पुन्हा फिरली. तिघं पुन्हा क्लोजेटमध्ये. आता प्रत्येकाला आपापली जागा माहीत झाली होती. सलोनीने तर स्वतःपुरती उशी नेऊन ठेवली होती.

पण नळाचा आवाज आला नाही. पावलं आली. बेडरूमपर्यंत आली. खुर्ची सरकल्याचा आवाज झाला, आणि क्लोजेटच्या दारासमोर कुणीतरी हुश्श करून बसलं.

"बाहेर येऊ नका," उत्तराकाकू म्हणाल्या.

आत सलोनीची उशी खाली पडली.

"मी कुणाशी बोलत नाहीये. मी म्हातारी बाई आहे, एकटी असते, कपाटांशी बोलते. तुम्ही बाहेर आलात तर मला दिसाल. मग संजयने विचारलं तर मला खोटं बोलावं लागेल. आत्तापर्यंत मी फक्त गप्प बसलेय."

एका जॅकेटच्या बाहीमागून शैलेंद्रचा आवाज आला. "काकू, तुम्हाला कसं कळलं?"

"शैलेंद्र, फोटोत तुझ्या उजव्या हाताला सहा बोटं आहेत. मी तीस वर्षं हातांचीच ऑपरेशन्स केली."

"समबडी काउंट्स," सलोनी म्हणाली.

"आणि तुमच्या घराला फोडणीचा वास येतो. झाड काही लसूण खात नाही. सलोनी बाळा, जेवलीस का?"

"येस, काकू."

"गुड." काकूंनी खुर्ची जरा पुढे ओढली. "हे बघा, मी आलेय ते संजयसाठी. काल लिफ्टमध्ये भेटला. तुम्ही परत आलात की त्याच दिवशी तिकिटं काढणार आहे, चौघांची. आनंदात आहे बिचारा. म्हणतो, शैलेंद्र आत आला म्हणजे रस्ता मोकळा आहे असं धरायचं."

शैलेंद्रने अंधारात स्वतःची बोटं मोजली. संजय, दीपा आणि त्यांची दोन्ही मुलं त्याच्या सहा बोटांवर विश्वास ठेवून निघाली होती.

"मी सांगतो त्याला," तो म्हणाला. मग अंधार होता म्हणून, आणि कुणाचा चेहरा दिसत नव्हता म्हणून, त्याने विचारलं, "काकू, पण तुम्ही सांगा. एवढं घाबरण्यासारखं खरंच आहे का? का माझंच डोकं फिरलंय?"

त्याला एवढंच ऐकायचं होतं की डोकं फिरलंय. त्याने ते आनंदाने मान्य केलं असतं.

बाहेर पर्स उघडल्याची चेन वाजली आणि पुन्हा बंद झाली.

"मला इथली सिटिझन होऊन चाळीसच्या वर वर्षं झाली," काकू म्हणाल्या. "ह्या देशातल्या निम्म्या लोकांपेक्षा मी जुनी आहे. परवा खाली दूध आणायला निघाले आणि पासपोर्ट पर्समध्ये टाकला. कुणी विचारलं नाही. कुणी विचारेल असंही नाही. पण टाकला. तेव्हा मला काय विचारतोस बाबा."

शैलेंद्रला भिंत लागेल इतकं मागे सरकायचं होतं, पण मागे भिंतच होती. आपण भितो ते चालतं. पण जिच्याकडे बघून धीर धरायचा तीही भ्यायलेली निघाली, की उभं कशाला धरून राहायचं?

मग त्याच्या शेजारून, सलोनीच्या जुन्या स्नोपँटच्या दिशेकडून, रुपाली बोलली. दोन दिवसांतलं तिचं त्याच्याशी हे पहिलंच वाक्य होतं.

"मी जाते."

"कुठे?"

"अप्पांकडे. एकटी."

"वेडी आहेस का? एकटी कशी जाशील, आणि परत येताना जर—"

"म्हणूनच एकटी. तुझी नोकरी आहे, हिची शाळा आहे. मला नाही घेतलं आत, तर निदान तुम्ही दोघं आत असाल." तिने तोंडावरचा कोट बाजूला सारला. "मी घाबरले नाहीये असं नाही हं. माझे दात वाजतायत, ऐक. पण इथे उभी राहूनही वाजतायतच ना?"

खरंच वाजत होते. क्लोजेटमध्ये दुसरा काही आवाज नसल्यामुळे ते नीट ऐकू आले.

सलोनीने अंधारात आईचा हात शोधला. चुकून शैलेंद्रचा सापडला, तर तोही धरून ठेवला.

"रुपाली," काकू बाहेरून म्हणाल्या, "देशात चाललीस की सगळे सांगतात, हे आण, ते आण. मी काही सांगणार नाही. काही आणू नकोस. फक्त परत ये."

खुर्ची सरकली. टेबलावर किल्ली ठेवल्याचा आवाज झाला. बाहेरचं दार हलकेच लागलं.

त्याच दुपारी शैलेंद्रने ग्रुपवर लिहिलं. खूप लिहिलं, खूप खोडलं, आणि शेवटी एवढंच पाठवलं: 'आम्ही गेलो नाही. विमानतळावरून परत आलो, मी घाबरलो म्हणून. फोटो खोटा आहे. माझ्यावर विसंबून कुणी तिकीट काढू नका. आणि माझ्यावर विसंबून कुणी रद्दही करू नका.'

मग कुणीतरी, बहुधा घाबरूनच, गुलाबाच्या फुलाचं 'सुप्रभात' पाठवलं. दुपारचे तीन वाजले होते. संजयचा वेगळा मेसेज आला: 'थँक्स यार. दीपा रडतेय. पण किती दिवसांनी आज नीट जेवली.'

मे महिन्यात रुपाली गेली. शैलेंद्र सकाळी नुकताच ऑफिसात पोचला होता तेव्हा तिचा व्हिडिओ कॉल आला; तो जिन्यात जाऊन बसला. तिने फोन दोरांच्या ढिगाला टेकवून ठेवला होता, त्यामुळे अर्ध्या काचेत नुसता दोर दिसत होता आणि उरलेल्या अर्ध्यात पोत्यावर शेजारी शेजारी बसलेले बापलेक. उन्हाने रुपालीचा चेहरा लाल झाला होता. ती एका गिऱ्हाईकाला वाव मोजून देत होती, आणि अप्पा तिच्या हातांकडे बघत होते. ते किती बारीक झालेत, हे त्याला आत्ता दिसलं. सदरा त्यांच्या अंगात नव्हता, तेच सदऱ्यात कुठेतरी होते.

"पाव्हणं," अप्पा फोनकडे वाकून म्हणाले, "तुमी कवा येताय?"

"येतो, अप्पा."

"या. भिऊ नगा. आमची म्हस मारत न्हाई."

रुपाली हसली. मग एक खरोखरचीच म्हैस फोनच्या आडवी आली आणि काचेवर बराच वेळ नुसता काळोख राहिला.

परतीच्या दिवशी शैलेंद्र आणि सलोनी नेवार्कला फार आधी पोचले. रुपालीचा मेसेज आला, 'उतरले.' मग आला, 'रांगेत आहे.' मग काहीच नाही.

शैलेंद्र एका जाड खांबाच्या मागे उभा होता. कॉफीच्या दुकानापलीकडचा तो खांब त्याने नीट पारखून निवडला होता. तिथून बाहेर येणारी माणसं दिसायची, पण गणवेशातल्या कुणाला आपण दिसत नव्हतो. तिच्या विमानातली माणसं बाहेर आली. सुतळीने बांधलेली खोकी आली, चाकाच्या खुर्चीतल्या आज्या आल्या, झोपलेली पोरं खांद्यावर टाकून बाप आले. मग एकेकटी माणसं आली. मग दार नुसतंच उघडझाप करायला लागलं. त्याने तिला फोन लावला. फोन बंद होता. त्याने पुन्हा लावला.

"डॅड," सलोनी म्हणाली, "आय कॅन गो आस्क. आय हॅव द पासपोर्ट."

तिने ते टोचायला म्हटलं नव्हतं. तिला मदत करायची होती, एवढंच. शैलेंद्रने तिच्याकडे पाहिलं. ती आता त्याच्या खांद्यापर्यंत आली होती.

"तू थांब," तो म्हणाला. "मी विचारतो."

खांबापासून त्या माणसापर्यंत फार अंतर नव्हतं. पण मधली फरशी इतकी चकचकीत होती की त्याला स्वतःचे बूट येताना दिसत होते. गणवेशातला माणूस कुणाला तरी टॅक्सीचा रस्ता सांगत होता. शैलेंद्र त्याच्यासमोर उभा राहिला, हात खिशातून बाहेर काढले, आणि बायकोचं नाव सांगितलं. मग विमान सांगितलं. मग पुन्हा नाव, जरा मोठ्याने. आवाज निघाला ह्याचं त्याचं त्यालाच नवल वाटलं.

"आतलं मला काही कळत नाही, सर," तो माणूस म्हणाला. वाईट माणूस नव्हता. दमलेला होता. "वेळ लागतो कधीकधी. तुम्ही त्या पिवळ्या रेषेच्या मागे थांबा."

शैलेंद्रने मान हलवली. तो रेषेपाशी गेला आणि बरोब्बर तिच्या मागे, दाराच्या अगदी समोर उभा राहिला. तिथे दिव्याचा सगळा उजेड अंगावर पडत होता आणि सगळ्यांना तो दिसत होता. सलोनी येऊन त्याच्या शेजारी उभी राहिली.

दार उघडलं. शैलेंद्रने हात वर केला. एक उंच, अनोळखी म्हातारा बॅग ओढत बाहेर आला, त्याने मागे वळून पाहिलं, मागे कुणी नव्हतं, म्हणून गोंधळून त्यानेही हात केला. दार मिटलं. पुन्हा उघडलं. ह्या वेळी दोन एअर होस्टेस होत्या. त्यांनीही हात केला.

"डॅड, यू कॅन पुट इट डाउन," सलोनी म्हणाली. "टिल इट ओपन्स."

"असू दे," शैलेंद्र म्हणाला. "तिला आल्या आल्या दिसायला हवा."